शरणपूरचे कारागीर

कार्ल्याची लेणी आपल्या मावळात सर्वांना माहीत आहेत. एकवीरेच्या दर्शनाला जाणारा माणूस लेण्यापाशी थांबल्यावाचून राहत नाही. तिथल्या मोठ्या चैत्याच्या दाराशी दगडावर जुनी अक्षरे कोरलेली आहेत. त्यांत एका सुताराचे नाव आहे. नाव सामी, बापाचे नाव वेणुवास, गाव धेनुकाकट. दाराचे काम याने केले, असे तिथे लिहिले आहे. त्याला आता सुमारे दोन हजार वर्षे झाली. कितीतरी राजे आले आणि गेले, पण सुताराचे नाव राहिले.

स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि धंदा. एवढे सांगितले की माणूस ओळखू येतो. गुलामाचे काय होते, ते पहा. त्याचे नाव बदलतात. आईबापांपासून तोडतात. गाव सुटते. राहतो तो फक्त धंदा. पण त्या धंद्याची मजुरीही मालकच घेतो.

अशा काही माणसांची हकिगत इथे सांगायची आहे. ती माणसे आफ्रिकेतली. पण त्यांचे हात कामाला लागले ते आपल्या नाशिकजवळ.

विकत घेतलेले हात

आधी थोडे लांबचे सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल.

अमेरिका देशाच्या काही भागांवर पूर्वी इंग्रजांचे राज्य होते. तिथे तंबाखूचे आणि भाताचे मोठमोठे मळे होते. त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसे धरून आणीत आणि बाजारात विकीत. सगळेच गुलाम शेतात राबत, असे नव्हते. कुणी सुतार होता, कुणी लोहार, कुणी चांभार, कुणी पिंपे बनवणारा. कुणी फिडल वाजवी. फिडल म्हणजे आपल्या सारंगीसारखे गजाने वाजवायचे वाद्य. साहेबाच्या घरी लग्न असो की मेजवानी, वाजवायला गुलामच असे. मालक आपल्या सुताराला दुसऱ्याकडे कामाला पाठवी. काम करणार सुतार, पैसे घेणार मालक!

असा गुलाम संधी मिळताच पळून जाई. मग मालक वर्तमानपत्रात जाहिरात छापी. पळालेल्याचे नाव, उंची, अंगावरचे कपडे, पाठीवरचे वळ, सारे तीत लिहिलेले असे. आणि हेही लिहिलेले असे, की हा चांगला सुतार आहे, किंवा हा फिडल वाजवतो. असे का लिहीत? कारण पळून गेल्यावर तो पोट भरणार कशावर? हातातल्या कसबावरच. जिथे रंध्याचा किंवा फिडलचा आवाज येईल तिथे शोधा, असा त्याचा अर्थ. ज्या कसबावर तो जगणार, त्याच कसबावरून तो पकडला जाई.

काही जाहिरातींत आणखी एक गोष्ट असे. याला लिहिता-वाचता येते, तेव्हा सावध रहा! गुलामाला गावाबाहेर जायचे तर मालकाची चिठ्ठी लागे. ज्याला लिहिता येई, तो स्वतःच चिठ्ठी लिहून वाटेला लागे.

मालक लोकांना या दोन गोष्टींची फार भीती होती. एक वाद्य, दुसरे अक्षर. १७३९ साली साउथ कॅरोलायना नावाच्या प्रांतात गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत निघाले आणि ढोल ऐकून वाटेत आणखी लोक मिळत गेले. ते बंड मोडून काढले गेले. पुढल्याच वर्षी, १७४० साली, तिथे कायदा झाला. गुलामांनी ढोल आणि शिंगे वाजवायची नाहीत. आणि जो कुणी गुलामाला लिहायला शिकवील त्याला १०० पौंड दंड!

विचार करा. चार अक्षरे शिकवण्याबद्दल दंड. अक्षरात ताकद नसती, तर एवढा मोठा दंड कुणी ठेवला असता का?

आपल्या समुद्रावरची गलबते

गुलामांचा व्यापार अमेरिकेपुरता नव्हता. तो आपल्या पश्चिमेच्या समुद्रावरही शेकडो वर्षे चालला. जंजिऱ्याचे सिद्दी तुम्ही ऐकून आहात. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. तो शूर आणि हुशार निघाला, म्हणून वर चढला. पण असे वर चढणारे थोडे. बाकीचे दुसऱ्याच्या घरी राबतच मेले.

गोव्यात पोर्तुगीज लोक आफ्रिकेतून गुलाम आणीत. त्यांतले पुष्कळ जण जाच सहन न होऊन पळाले आणि घाटावरच्या रानात शिरले. आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. ते कोकणी बोलतात. त्या बोलीत मराठी शब्दही मिसळलेले आहेत. त्यांच्याकडे दमाम नावाचा मोठा ढोल असतो. सण आला की दमाम वाजतो आणि बाया-माणसे नाचतात. रानात पळताना त्यांच्याजवळ ना भांडे होते, ना कपडा. पण ढोलाचा ठेका मनात होता. तो कुणाला हिसकावून घेता आला नाही.

इंग्रजांनी १८०७ साली आपल्या लोकांना गुलामांचा व्यापार करण्याची बंदी केली. १८३३ साली आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामी बंद करण्याचा कायदा केला. तरी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापार चालूच होता. झांझिबार बेटावर गुलामांचा मोठा बाजार भरे. तिथून गलबते भरभरून माणसे अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे नेत. इंग्रजी आरमाराची जहाजे समुद्रात गस्त घालीत. गुलामांचे गलबत सापडले, की माणसे सोडवून घेत.

सोडवली खरी, पण पुढे काय? त्यांत लहान मुले पुष्कळ असत. त्यांना आपले गाव कुठल्या दिशेला आहे, हेही सांगता येत नसे. परत सोडावे, तर पुन्हा कुणी धरून विकेल. म्हणून पुष्कळ मुलांना मुंबई बंदरात उतरवीत. त्यांतली काही नाशिकला पाठवीत.

शरणपूर

नाशिकजवळ १८५० नंतर पाद्री लोकांनी एक वस्ती वसवली. तिचे नाव शरणपूर. शरण आलेल्याला आसरा देणारे गाव, असा त्याचा अर्थ. नाशिक शहरात शरणपूर रोड आजही आहे. ही वस्ती वसवण्यात विल्यम साल्टर प्राइस या इंग्रज पाद्र्याचा मोठा हात होता. तिथेच या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम आणि शाळा होती.

सकाळी धडे, मग हातांचे काम. मुलगे भाता फुंकायला, ऐरणीवर घण मारायला, लाकूड रंधायला शिकले. काही शेतकाम शिकले. मुली शिवणटिपण आणि स्वयंपाक शिकल्या. मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा मिळाली आणि नावेही इंग्रजी मिळाली. जेकब, विल्यम, मॅथ्यू. आईने ठेवलेले नाव मागे राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. बेडी तुटली, तरी सगळेच परत मिळत नाही.

पण एक मोठा फरक होता. या मुलांच्या हातातले कसब आता मालकाचे नव्हते. शिकून बाहेर पडल्यावर त्यावर ते आपले पोट भरू शकत होते. आणि दुसरे म्हणजे त्यांना वाचता-लिहिता येत होते.

त्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर होते. आपल्या मावळाला हे नाव परके नाही. खंडाळ्याचा बोरघाट फोडून केलेला आगगाडीचा रस्ता १८६३ साली त्यांच्याच हस्ते खुला झाला. पुढे १८७३ साली इंग्रज सरकारने याच फ्रीअरसाहेबांना झांझिबारला धाडले. गुलामांचा बाजार बंद करा, अशी बोलणी त्यांनी तिथल्या सुलतानाशी केली. सुलतान आधी तयार होईना. पुढे आरमाराचा धाक पडला, तेव्हा त्याने जून १८७३ मध्ये करारावर सही केली आणि तो बाजार बंद झाला.

जेकबची अक्षरे

डेव्हिड लिव्हिंग्स्टन नावाचा एक डॉक्टर आफ्रिकेत फिरत होता. डोंगर, नद्या, तळी पाहावी, त्यांचे नकाशे करावे, आणि गुलामांच्या व्यापाराचे हाल जगाला कळवावे, हे त्याचे काम. तो १८६५ साली मुंबईला आला होता. तेव्हा त्याने शरणपूरच्या शाळेतले नऊ तरुण आपल्याबरोबर नेले. चुमा आणि सूसी या नावाचे त्याचे दोन सोबतीही काही काळ मुंबईत राहिलेले होते. पुढे १८७२ साली त्याच्या मदतीला आणखी माणसे गेली. त्यांतही काही नाशिकची होती. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. लहानपणी तो पकडला गेला होता. इंग्रजी जहाजाने त्याला सोडवले आणि शरणपूरला तो शिकला.

मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मध्यभागी, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, आजाराने मेला. ते ठिकाण आज झांबिया देशात आहे. बरोबर दुसरा गोरा माणूस नव्हता. आता काय करायचे, ते या लोकांनीच ठरवायचे होते. तिथेच पुरून पळून गेले असते, तर कुणी विचारले नसते. पण त्यांनी ठरवले, की याला याच्या माणसांपर्यंत पोचवायचे.

त्यांनी त्याचे काळीज तिथे एका झाडाखाली पुरले. देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला. झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात तो बांधला आणि बांबूला लटकवून खांद्यावर घेतला. जेकबने प्रार्थना वाचली. मेलेल्याच्या सामानाची यादी त्यानेच लिहून काढली. पुढे कुणी म्हणू नये, की तुम्ही सामान चोरले! मग त्याने त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली.

ते सुमारे हजार मैल चालले. वाटेत काही जण आजारी पडले, काही मेले. प्रेत आपल्या गावातून जाऊ द्यायला लोक तयार होईनात. तेव्हा या लोकांनी एक युक्ती केली. पुरायला परत नेतो, असे सांगून एक खोटे गाठोडे काही जणांनी उलट दिशेला नेले. खरे प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे काढले. वाटेत भेटलेला एक गोरा अधिकारी म्हणाला, इथेच पुरा. त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरात पोचले.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या देवळात लिव्हिंग्स्टनला पुरले. तिथे इंग्रजांच्या पुष्कळ राजांना आणि थोरांना पुरलेले आहे. शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. गुलामांच्या व्यापारात सापडलेला मुलगा तिथे मानाने उभा होता.

जेकबने प्रवासात रोजनिशी लिहिली. ती आजही उपलब्ध आहे. त्या वाटेवर कितीतरी हमाल खांद्यावर ओझे घेऊन चालले. त्यांतल्या बहुतेकांचे आपल्या तोंडचे शब्द उरले नाहीत. जेकबचे उरले, कारण त्याला लिहिता येत होते.

लोहाराने उघडलेले दार

आता दुसऱ्या एका माणसाची गोष्ट. याचे नाव विल्यम जोन्स. हाही लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला आणि सुटून मुंबईकडे आला. इकडे तो शिकला, लोहारकामात तयार झाला. १८६४ साली तो आफ्रिकेला परत गेला. मोंबासा बंदराजवळ राबाई नावाचे गाव आहे. तिथल्या मिशनमध्ये तो काम करू लागला. आज हा भाग केनिया देशात आहे.

पुढे १८७४-७५ साली प्राइस पाद्रीही तिकडे गेले. मोंबाशासमोर त्यांनी सुटलेल्या गुलामांसाठी नवी वस्ती वसवली. फ्रीअरसाहेबांवरून तिचे नाव पडले फ्रीअरटाउन. नाशिक आणि मुंबईकडची पुष्कळ आफ्रिकी कुटुंबे तिथे गेली. शरणपुरात शिकलेल्या हातांनी तिथे घरे बांधली, शाळा चालवली. तिकडचे लोक त्यांना मुंबईचे आफ्रिकी असे म्हणत.

फ्रीअरटाउनमध्ये एक घंटा बांधली होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजवीत. घंटा ऐकली की लोक सावध होत. त्यांच्या स्वाहिली भाषेत घंटेला केंगेले म्हणतात. त्या जागेला आजही केंगेलेनी असेच नाव आहे.

राबाईला मात्र वेगळाच पेच पडला. आसपासच्या मळ्यांतून गुलाम पळून राबाईला येऊ लागले. कायद्याने ते मालकांचेच होते. त्यांना ठेवून घेतले, तर मालक हत्यारे घेऊन येण्याची भीती. हाकलून दिले, तर त्यांच्या पाठीवर पुन्हा चाबूक. जोन्स काय करणार? तो स्वतः एकदा विकला गेलेला होता. त्याने आलेल्यांना राहू दिले. त्यांनी झोपड्या बांधल्या आणि शेते केली. बघता बघता शेकडो लोक जमले.

१८८८ साली मालकांनी आपली माणसे परत मागितली. प्रकरण हातघाईवर आले. तेव्हा त्या भागात आलेल्या एका इंग्रजी कंपनीचा अधिकारी जॉर्ज मॅकेंझी मध्ये पडला. मालकांना भरपाईचे पैसे देऊन तोड काढली. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईला सुमारे १४०० लोकांना सुटकेचे कागद मिळाले.

त्या पैशांबद्दल मनात प्रश्न येतो. ज्यांनी माणसांना फुकट राबवले, त्यांनाच भरपाई! राबणाऱ्यांना काय मिळाले? एक कागद. पण तो कागद हातात असेल, तर पुन्हा कुणी मानेला धरून नेऊ शकत नव्हते. अमेरिकेत कागद छापत तो पळालेल्याला पकडण्यासाठी. राबाईला कागद लिहिला तो पळालेल्याला सोडवण्यासाठी. कागद कुणाच्या हातात आहे आणि त्यावर काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या घरचे पाहू

दुसऱ्यांच्या देशातले पाप सांगणे सोपे असते. आपल्याकडे काय होते?

पेशवाईत पुण्यात आणि इतर गावांत कुणबिणी असत. ही कुणबीण म्हणजे शेतकरी बाई नव्हे, तर विकत घेतलेली बटीक. तिची खरेदी-विक्री होई. तिला दुसऱ्याला बक्षीसही देत. दळणकांडण, शेणगोठा ती करी. काहींना गाणे-नाचणे शिकवून मोठ्यांच्या घरी ठेवीत. गळा तिचा, पण गाणे मालकाच्या मर्जीचे.

१८४३ साली इंग्रज सरकारने इथे कायदा केला. कुणी कुणाचा गुलाम आहे, हे यापुढे कचेरी मानणार नाही, असे ठरले. १८६० च्या दंडसंहितेने गुलाम विकणे आणि घेणे हा गुन्हा ठरला. पण कायदा झाला म्हणून माणसाची मान लगेच मोकळी होत नाही. पुण्याच्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी १८६५ साली संपली होती. ती संपवणाऱ्या लोकांना जोतीरावांनी आपले पुस्तक अर्पण केले. आपल्या इथल्या शूद्र-अतिशूद्रांचीही अशीच सुटका व्हावी, ही त्यांची तळमळ होती.

आता बाजारात माणूस विकत नाहीत. पण वेठबिगारी ऐकली आहे ना? लग्नासाठी किंवा आजारपणासाठी एखादा गरीब माणूस उचल घेतो. ती फेडायला वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर राबतो. बायकामुलेही राबतात. हिशेब मालकाच्या वहीत. वर्ष सरते, पण उचल फिटत नाही. दुसरीकडे जाऊ म्हटले, तर जाऊ देत नाहीत. यात आणि गुलामीत फरक किती? कातकरी आणि ठाकर भावांना विचारा, ते सांगतील.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. १९७६ साली वेठबिगारी बंद करण्याचा खास कायदाही झाला. तो काय सांगतो, ते पाठ करून ठेवा.

पहिली गोष्ट: वेठीला बांधून ठेवणारे कर्ज कायद्याने रद्द होते. ते फेडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट: वेठीला धरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरी गोष्ट: वेठबिगाराला सोडवणे ही जिल्हाधिकाऱ्याची जबाबदारी आहे. आपल्या तालुक्यात वडगावच्या तहसील कचेरीत अर्ज देता येतो. सुटलेल्याला सुटकेचा दाखला मिळतो. तो मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

म्हणून उचल घेताना नुसता अंगठा उठवू नका. आता तुम्हाला वाचता येते. किती रुपये घेतले, मजुरी काय ठरली, किती कापली, हे वाचा. स्वतःच्या वहीत रोजच्या रोज लिहा. काम किती केले तेही लिहा. मालकाच्या वहीला उत्तर द्यायला आपली वही पाहिजे. ज्या शेजाऱ्याला अजून वाचता येत नाही, त्याचा कागदही वाचून दाखवा.

शरणपूरचा लोहार स्वतः सुटला, आणि मग त्याने दुसऱ्यांसाठी दार उघडले. तुमच्या वस्तीत कुणाचा कागद कुणाच्या पेटीत अडकला आहे, ते विचारून पहा.